जंतांची वाट कुठे अडवायची?

दुपारची खिचडी खाऊन झाली, ताटल्या धुऊन झाल्या आणि सगळा वर्ग ओळीनं बसला. बाई प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत पुढे चालल्या आहेत. "गिळायची नाही हं, नीट चावून खायची. आणि माझ्यासमोर!"

हा दिवस तुमच्या चांगला ओळखीचा असेल. राष्ट्रीय जंतनाशक दिन! ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात डोळखांब, किन्हवली, खर्डी, तर मुरबाड तालुक्यात टोकावडे, धसई, सरळगाव अशा गावांत या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा आणि अंगणवाड्या सगळीकडे हीच लगबग असते. २०१५ साली १० फेब्रुवारीला हा दिवस देशातल्या काही राज्यांत सुरू झाला आणि २०१६ मध्ये तो साऱ्या देशात पोचला. फेब्रुवारीत एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा, १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ही गोळी मिळावी असं ठरलेलं आहे. तारीख कधी थोडी मागेपुढे होते, एवढंच.

आणि दर वेळी वर्गातून कुणीतरी विचारतंच, "बाई, माझ्या पोटात कुठे जंत आहेत? मग मी का खायची गोळी?"

फार चांगला प्रश्न आहे हा! त्याचं खरं उत्तर शोधायचं तर आपल्याला पोटातून मातीत, मातीतून पायात आणि पायातून थेट छातीत जाऊन यावं लागेल. चला तर मग.

पोटात राहतात, पण पोटात जन्मत नाहीत

मातीतून माणसाकडे येणारे जंत मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला गोलजंत. हा सर्वांत मोठा, १५ ते ३५ सेंटिमीटर लांब. तुमची पट्टी ३० सेंटिमीटरची असते ना? काही माद्या त्याहून लांब भरतात! दुसरा अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटरचा, पण रक्त पिणारा. तिसरा चाबूककृमी, साधारण चार सेंटिमीटरचा. त्याचं पुढचं अंग दोऱ्यासारखं बारीक आणि मागचं जाड असतं. ते बारीक अंग तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात ओवून बसतो.

जगात सुमारे १५० कोटी माणसांच्या पोटात यांपैकी कुठला ना कुठला जंत आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे हा काही एकट्यादुकट्याचा आजार नाही आणि लाजायची गोष्ट तर मुळीच नाही.

आता एक नवल ऐका. तापाचे जिवाणू एकदा शरीरात शिरले की आतल्या आत वाढत जातात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. या तीन जंतांना हे जमत नाही! मादी आपल्या आतड्यात अंडी घालते, अगदी ढिगानं घालते. गोलजंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. हिशेब करून पाहा, दर मिनिटाला जवळजवळ १४० अंडी झाली. पण त्यातल्या एकाही अंड्यातून पोटातल्या पोटात नवा जंत तयार होत नाही. त्यासाठी अंड्याला बाहेर पडून मातीत जावंच लागतं. मातीत ऊब, ओलावा आणि हवा मिळाली, की दोन ते चार आठवड्यांत गोलजंताच्या अंड्यात अळी तयार होते. त्यानंतर ते अंडं कुणाच्या तरी तोंडात जावं लागतं.

याचा अर्थ कळला का? कुणाच्या पोटात वीस जंत असतील, तर ते एका जंताचे वीस झालेले नाहीत. वीसच्या वीस बाहेरून, मातीतून, एकेक करून आलेले आहेत! ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जंतांना हरवण्याची सगळी युक्ती इथेच आहे.

गोलजंताची छातीतून सहल

गोलजंताचं अंडं किती लहान असतं? साधारण वीस अंडी ओळीनं मांडली तर एक मिलिमीटर भरतो. नुसत्या डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही. त्याचं कवच अनेक थरांचं असतं आणि सर्वांत बाहेरचा थर चिकट असतो. म्हणून ते नखांत अडकतं, न धुतलेल्या भाजीला लागतं, खाली पडून उचललेल्या बोरालाही चिकटतं. पाण्यात जंतू मारायला घालतात त्या औषधानंही ते सहजी मरत नाही. मातीत ते कित्येक महिने, कधी कधी तर वर्षानुवर्षं तग धरतं. उकळत्या पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

ते पोटात गेलं की लहान आतड्यात फुटतं आणि अळी बाहेर येते. आता ती तिथेच राहील, नाही का? छे! ती आतड्याची भिंत पोखरून रक्तात शिरते. रक्ताबरोबर यकृतात जाते, तिथून हृदयात आणि हृदयातून फुप्फुसात पोचते. तिथे दहाबारा दिवस वाढते. मग श्वासनलिकेतून वर चढत चढत घशाशी येते. आपण आवंढा गिळतो आणि ती पुन्हा पोटात! या वेळी मात्र ती आतड्यात मुक्काम करते. अंडं तोंडात गेल्यापासून नवी मादी अंडी घालू लागेपर्यंत दोनतीन महिने जातात.

हे कुणी शोधलं? यात अनेकांचा वाटा आहे, पण एका जपानी डॉक्टरांची हकीकत ऐकून अंगावर काटाच येतो. त्यांचं नाव शिमेसु कोइनो. १९२२ साली त्यांनी गोलजंताची दोन हजार अंडी स्वतः गिळली! काही दिवसांत त्यांना ताप आला, खोकला सुरू झाला, न्यूमोनियाच झाला. खोकल्यातून पडलेला कफ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात गोलजंताच्या अळ्या! जंत पोटाचा, पण त्याची वाट छातीतून जाते, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर दाखवून दिलं. तुम्ही आम्ही असला प्रयोग चुकूनही करायचा नाही. त्यांनी तो केला, म्हणून आता कुणालाच करायची गरज उरलेली नाही.

आतड्यात पोचल्यावर गोलजंत स्वतः कसा पचून जात नाही? भाकरी पचते, डाळ पचते, सुकट पचते, मग हा का नाही? कारण आपले पाचकरस निकामी करणारी रसायनं तो स्वतःच्या अंगात बनवतो. शिवाय आतडं सतत आकुंचन पावून अन्न पुढे ढकलत असतं. गोलजंताला भिंत धरून बसायला आकडे नसतात. तो दिवसरात्र अंग हलवत त्या प्रवाहाविरुद्ध टिकून राहतो. हे जरा लक्षात ठेवा, गोळीच्या वेळी उपयोगी पडेल.

अनवाणी पावलांची वाट

अंकुशकृमीची रीत आणखी वेगळी आहे. तो तोंडाची वाट बघत बसत नाही. तो थेट पायातून आत शिरतो!

कुणी उघड्यावर शौचाला बसलं आणि त्याच्या पोटात अंकुशकृमी असले, तर त्यांची अंडी मातीत पडतात. ओलसर, सावलीच्या, कोमट जागी एकदोन दिवसांत ती फुटतात. पाच ते दहा दिवसांत अळी तयार होते. मग ती मातीच्या कणावर, गवताच्या पात्यावर चढून वाट पाहते. उबदार पाऊल तिच्यावर पडलं की कातडीतून आत शिरते. पुढची वाट तुम्हाला माहीतच आहे. रक्तातून हृदय, हृदयातून फुप्फुस, फुप्फुसातून घसा आणि घशातून आतडं.

हा शोध एका अपघातानं लागला. जर्मन शास्त्रज्ञ आर्थर लूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये, कैरो शहरात काम करत होते. प्रयोग करताना अंकुशकृमीच्या अळ्या असलेलं पाणी त्यांच्या हातावर सांडलं. थोड्या वेळानं तिथे आग झाली, खाज सुटली, कातडी लाल झाली. दुसऱ्या कुणी हात पुसून काम पुढे चालू ठेवलं असतं. लूस मात्र विचारात पडले. त्यांनी काही आठवडे आपल्याच शौचाची तपासणी केली आणि एक दिवस त्यात अंकुशकृमीची अंडी दिसली. तोंडात काही गेलं नव्हतं, म्हणजे अळ्या कातडीतूनच आत गेल्या होत्या! इतर शास्त्रज्ञांचा आधी यावर विश्वास बसेना, पण शेवटी लूसच खरे ठरले.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे बघा. जून लागला की माहुली गडापासून माळशेज घाटापर्यंत पाऊस नुसता कोसळत असतो. आवणीला सगळं घर शेतावर, डोक्यावर इरलं आणि पाय उघडे. पाण्यानं भरलेल्या खाचरात अंकुशकृमीच्या अळ्यांचं फारसं निभत नाही. त्यांना मानवते ती बांधाकडची, झाडाखालची, पाऊलवाटेच्या कडेची ओलसर माती. नेमक्या अशाच आडोशाच्या जागी लोक शौचाला जातात आणि नेमक्या त्याच वाटेनं मुलं अनवाणी शाळेत जातात. अळीला आणखी काय हवं? (पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्या वेगळ्या बरं का. तो बुरशीचा प्रताप.)

आळशी नाही, दमलेली

आतड्यात पोचलेला अंकुशकृमी तोंडानं आतड्याचं अस्तर पकडतो आणि रक्त पिऊ लागतो. रक्त गोठू नये म्हणून तो एक द्रव सोडतो, त्यामुळे त्याचं पिऊन झालं तरी जखम झिरपतच राहते. अंकुशकृमीच्या दोन जाती माणसात राहतात. त्यातल्या लहान जातीच्या एका कृमीमुळे दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे अगदी थेंबाहूनही कमी. पण असे शंभर कृमी असतील तर? दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला ९० मिलिलिटर! मोठी जात तर याच्या कितीतरी पट रक्त पिते.

रक्ताबरोबर लोह जातं. लोह कमी पडलं की रक्ताला पुरेसा प्राणवायू वाहून नेता येत नाही. यालाच रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात. अशा मुलाला चढ चढताना धाप लागते, खेळताना पटकन दम लागतो, वर्गात डोळे मिटायला लागतात. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते ना? पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि दहाच्या पुढच्यांना निळी. पोटात अंकुशकृमी असले तर एका बाजूनं लोह भरायचं आणि दुसऱ्या बाजूनं ते झिरपून जायचं, असं चालू राहतं. म्हणून जंतांची गोळी आणि लोहाची गोळी यांची जोडी आहे.

गोलजंत रक्त पीत नाहीत, पण आपल्या अन्नात वाटा मागतात आणि अन्नरस नीट शोषला जाऊ देत नाहीत. फारच झाले तर त्यांचा गुंता होऊन आतडं तुंबू शकतं. चाबूककृमी खूप झाले तर पोटात कळा येतात, जुलाब लागतात, शौचातून रक्त पडतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब शेतकऱ्यांना बाकीचे लोक आळशी म्हणून हिणवत. १९०९ साली तिथे रॉकफेलर नावाच्या धनाढ्य उद्योगपतींनी दिलेल्या १० लाख डॉलरच्या देणगीतून एक मोठी मोहीम सुरू झाली. मुलांची तपासणी झाली आणि कळलं, की शाळेच्या वयाच्या दर दहा मुलांत चार मुलांच्या पोटात अंकुशकृमी आहेत! ती माणसं आळशी नव्हती, त्यांचं रक्त कमी पडत होतं. औषध मिळालं, संडास बांधले गेले, तशी तिथली मुलं जास्त संख्येनं शाळेत येऊ लागली. तेव्हा तुमच्या वर्गातलं कुणी सारखं दमत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. बाईंना सांगा, आशाताईंना सांगा.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं?

गोळीचं नाव अल्बेंडाझोल. १९७० च्या दशकात ती आधी जनावरांसाठी, मेंढ्यांच्या जंतांवर वापरात आली. १९८२ पासून माणसांसाठी वापरू लागले. दोन वर्षांपुढच्या सगळ्यांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, तीही कुस्करून पाण्यात मिसळून.

जंताच्या पेशींमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात. पेशीतली ने-आण त्यांच्या आधारानं चालते. अल्बेंडाझोल या नळ्या बनूच देत नाही. नळ्या नाहीत, तर जंताला साखर शोषता येत नाही. साखर नाही, तर ताकद नाही. आता आठवा, गोलजंत आतड्यात कसा टिकून राहतो? सतत अंग हलवून. ताकद संपली की त्याचं अंग ढिलं पडतं आणि तो शौचावाटे बाहेर निघून जातो. आपल्या पेशींतही अशा नळ्या असतात, पण हे औषध जंतांच्या नळ्यांना कितीतरी जास्त घट्ट चिकटतं आणि आतड्यातून आपल्या रक्तात फार थोडं उतरतं. म्हणून ते आपल्याला एवढं निर्धोक आहे.

गोळी चावून का खायची? तिचा भुगा झाला की औषध आतड्यात नीट पसरतं आणि गोळी घशात अडकण्याची भीती राहत नाही. पोटात जंत जास्त असतील, तर गोळीनंतर थोडं मळमळतं, पोट दुखतं, क्वचित चक्कर येते. घाबरायचं नाही, बाईंना सांगायचं, जरा आडवं पडायचं. बहुतेक वेळा ते थोड्या वेळात थांबतं. त्या दिवशी ताप असेल, आजारी असाल, तर गोळी खायची नाही, तेही आधीच सांगायचं. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा गोळी देतात, त्याला 'मॉप अप दिन' म्हणतात. आणि आपल्याच मनानं दुकानातून आणून गोळी खाणं मात्र नको.

मग बरं असूनही मी का खायची?

आता पोचलो आपण त्या प्रश्नाशी. एक तर, थोडे जंत असले तर ते बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाहीत. ते आहेत की नाहीत, हे पाहायला शौचाची तपासणी करावी लागते. काटो-कॅट्झ नावाच्या पद्धतीत अगदी थोड्या नमुन्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला पारदर्शक कागद दाबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अंडं मोजतात. एका तालुक्यातल्या प्रत्येक मुलाची अशी तपासणी करायला किती दिवस, किती माणसं आणि किती पैसा लागेल! त्यापेक्षा सगळ्यांना एक स्वस्त, निर्धोक गोळी देणं कितीतरी सोपं आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. भाताच्या खाचराचा बांध आठवा. सगळा बांध घट्ट लिंपला आणि खेकड्यानं केलेलं एकच भोक तसंच ठेवलं, तर सकाळी खाचर रिकामं दिसतं. इथेही तसंच. गावातल्या बहुतेक मुलांनी गोळी खाल्ली आणि ज्यांच्या पोटात खूप जंत आहेत अशी चारपाच मुलंच राहून गेली, तर रोज लाखो अंडी मातीत पडतच राहतात. ती माती तुमची, माझी, सगळ्यांची. म्हणून गोळी एकाच दिवशी आणि सगळ्यांनी खायची. ती गोळी नुसती तुमच्यासाठी नसते, तुमच्या अंगणात रांगणाऱ्या छोट्या भावासाठीही असते.

यात एक अडचण मनाला फार टोचते. शहापूर-मुरबाडकडची अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणच्या बाजूला किंवा त्याहूनही लांब. पाऊस जवळ आला की ती पाड्यावर परततात. म्हणजे फेब्रुवारीत वर्गात गोळी वाटली जाते, तेव्हा ही मुलं विटांच्या थप्प्यांपाशी असतात. शाळेबाहेरच्या मुलांपर्यंतही गोळी पोचवायची, असं या मोहिमेत ठरलेलं आहे आणि आशाताई, अंगणवाडीताई त्यासाठी पायपीट करतात. पण आपल्या बाकावरचं कोण आज नाही, कोण कुठल्या भट्टीवर गेलंय, हे सर्वांत आधी कुणाला कळतं? तुम्हालाच! ते बाईंना सांगणं हे फार मोलाचं काम आहे.

गोळी माती धूत नाही

एवढं सगळं करूनही एक गोष्ट गोळीला जमत नाही. ती पोट साफ करते, माती नाही. चाबूककृमींवर तर एका गोळीचा परिणाम बेताचाच होतो. शिवाय मातीत जुनी अंडी असतातच. आपण पुन्हा त्याच मातीत खेळतो, तेच हात तोंडात घालतो आणि काही महिन्यांत जंत परत येतात. म्हणून तर गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पण जंत बाहेरूनच येतात, हे आपल्याला कळलं आहे. मग बाहेरची वाटच अडवली तर?

जपाननं हे करून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात गोलजंत होते, कारण शेतात खत म्हणून माणसाची विष्ठा घालत. मग शाळाशाळांतून तपासणी सुरू झाली. मुलं आपला नमुना चक्क काडेपेटीत घालून शाळेत आणत! ज्यांच्यात अंडी सापडली त्यांना औषध दिलं, शेतात विष्ठेऐवजी दुसरी खतं आली, संडास सुधारले. तीसेक वर्षांत गोलजंत असलेली माणसं शंभरात एकापेक्षाही कमी उरली.

आणि आपल्या देशातली गोष्ट तर त्याहून भारी आहे. घरी आजीआजोबांना विचारा, "नारू म्हणजे काय?" नारू हाही एक जंतच, जवळजवळ मीटरभर लांब. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायलं की त्यातल्या सूक्ष्म जिवांबरोबर त्याची अळी पोटात जायची. वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि त्यातून तो जंत बाहेर पडू लागायचा. लोक तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस हळूहळू ओढून काढत. आपला महाराष्ट्रही नारूच्या पट्ट्यात होता. नारूवर ना लस होती, ना औषध. तरी आपण त्याला हरवलं! पाणी कापडानं गाळून प्यायचं, नारू झालेल्यानं विहिरीत पाय बुडवायचा नाही, पायऱ्यांच्या विहिरी बदलून रहाटाच्या करायच्या, हातपंप बसवायचे. गावोगाव हेच काम झालं. १९९६ च्या जुलैत देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एकाही गोळीशिवाय, नुसती वाट अडवून!

आपली वाट आपण अडवू

गोलजंत आणि चाबूककृमी तोंडातून येतात, अंकुशकृमी कातडीतून. म्हणून अडवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. संडासचा वापर, म्हणजे अंडी मातीत जाणारच नाहीत. पायात चप्पल, म्हणजे अळीला पाऊल सापडणार नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानं धुतलेले हात, कापलेली नखं, धुतलेली फळं आणि भाजी, म्हणजे अंडं तोंडापर्यंत पोचणार नाही.

हे सांगणं सोपं आहे, मला ठाऊक आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून पाणी देतंय. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. हंडा डोक्यावरून आणणाऱ्या घरात हात धुवायला पाणी कुठून काढायचं? म्हणून प्रत्येक पाड्यावर पाणी आणि पाण्यासहित संडास मिळणं हा मुलांचा हक्क आहे. ते मिळवून देणं हे मोठ्यांचं काम आहे आणि त्यांना त्याची आठवण करून देणं हे आपलं.

तोवर थोड्या पाण्यात हात धुवायची एक युक्ती करून बघा. तिला 'टिपी टॅप' म्हणतात.

साहित्य: पाच लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन, सुतळी, तीन मजबूत काठ्या, पायानं दाबायला एक छोटी काठी आणि साबण. 

कृती: दोन काठ्या जमिनीत रोवा, तिसरी त्यांच्यावर आडवी बांधा आणि तिच्यात कॅनचं हँडल अडकवून तो टांगा. कॅनला झाकणाच्या जरा खाली तापवलेल्या खिळ्यानं एक भोक पाडा. हे काम मोठ्यांकडूनच करून घ्या. कॅनच्या गळ्याला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या छोट्या काठीला बांधा. काठीवर पाय दाबला की कॅन कलतो आणि बारीक धार पडते, पाय उचलला की धार बंद! साबणाला भोक पाडून तोही शेजारी सुतळीला टांगा. नळाला हात लावावा लागत नाही आणि पाणी अगदी थोडं लागतं. खाली सांडणारं पाणी एखाद्या पपईच्या किंवा अळूच्या आळ्यात सोडा.

मग एक प्रयोग करा. दोन मुलांनी तळहाताला खोबरेल तेल लावायचं आणि त्यावर बारीक रंगीत रांगोळी चोळायची. एकानं नुसत्या पाण्यानं हात धुवायचे, दुसऱ्यानं साबणानं, तळहात, बोटांच्या मधल्या जागा, नखं, मनगट सगळं चोळून. आता दोघांचे हात शेजारी ठेवून बघा. रांगोळी कुठे कुठे अडकून राहिली? नखांच्या कडेला? रेघांमध्ये? अंडी रांगोळीसारखी दिसत नाहीत, पण तीही अशाच जागी लपतात.

शेवटचं काम चारपाच जणांच्या गटानं करायचं. वहीच्या एका पानावर हे प्रश्न लिहा. शाळेच्या संडासात पाणी आहे का? दार नीट लागतं का? हात धुवायच्या जागी साबण आहे का? जेवणाआधी सगळ्यांना हात धुवायला वेळ मिळतो का? चप्पल नसलेली मुलं किती? मागच्या जंतनाशक दिनाला किती जण गैरहजर होते आणि त्यांतल्या किती जणांना नंतर गोळी मिळाली? चप्पल नसलेल्यांची आणि गैरहजर मुलांची नावं यादीत नको, ती हळूच बाईंना सांगा. यादीत फक्त आकडे. प्रत्येक प्रश्नासमोर 'हो', 'नाही' किंवा आकडा लिहून झाला की पानाच्या दोन प्रती करा. एक शाळा व्यवस्थापन समितीला द्या, दुसरी ग्रामपंचायतीत. आणि ज्या ज्या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलं आहे, तिथे पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन बघा.